चौकातली बेरीज

प्रीतीनं माऊसवरचा हात काढून ओढणीला पुसला आणि पुन्हा माऊसवर ठेवला. पडद्यावर परीक्षेच्या गुणांच्या दोन ओळी होत्या. जीआरई, मे. जीआरई, ऑगस्ट. पुढच्या इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेतल्या विद्यापीठाला त्यातली एक पाठवायची होती. आज पाठवली नाही तर मुदतीत पोचणार नव्हती.

मेमध्ये गणितात जवळजवळ पैकीच्या पैकी, इंग्रजी पार झोपलेलं. ऑगस्टमध्ये इंग्रजी उठून बसलं, गणित घसरलं. पण बेरीज जास्त. तीच बेरीज तालमीच्या पोरांनी प्रीतीच्या फोटोसकट चौकात फ्लेक्सवर लावली होती.

“ऑगस्टची धाड,” तिचे वडील दादासो म्हणाले. “चौकात तीनशे एकोणीस आणि अमेरिकेला तीनशे पंधरा? लोकं शेण घालतील तोंडात.”

“अमेरिकेतली लोकं आपल्या चौकात येत न्हाईत, पप्पा.”

“आपली येत्यात की!”

आई, शालन, दारात मेथी निवडत होती. नवऱ्याला फ्लेक्सचा एवढा पुळका कधीपासून, हे तिला कळेना. लावला त्या दिवशी ‘पोरीचा फोटो कशाला’ म्हणून हाच माणूस पोरांवर खेकसला होता.

“कॉलेजच्या कांबळे सरांना मेसेज केलाय,” प्रीती म्हणाली. “ते सांगतील ती पाठवते.”

“सरांना कशाला तरास?” दादासो घाईनं म्हणाले.

तेवढ्यात सरांचाच फोन आला. प्रीतीनं स्पीकर लावला.

“अगं, अजून पाठवली नाहीस? मेचीच पाठव. ते आधी गणित बघतात. ऑगस्टवर प्रवेश अवघड आहे. परवाच सांगितलं की तुझ्या वडिलांना, त्यांनी फोन केला तेव्हा.”

फोन बंद झाला.

“परवा?” शालन म्हणाली.

दादासोंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

“इसरलो.”

नवऱ्याला झापायला शालननं तोंड उघडलं आणि मिटलं. तिकडून नकार आला तर बरं, असं तिच्याही मनात येऊन गेलेलं. तिनं मेथीत मान घातली.

प्रीतीचा हात माऊसवर होता, पण हलत नव्हता.

“पप्पा?”

“माझ्याकडं काय बघतीस? दाब की.”

तिनं मेची ओळ निवडली आणि दाबलं.

दादासो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

“तुझ्या विद्यापीठाचं गाव दाखीव नकाशात.”

तिनं दाखवलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

“आता ह्यातच कोल्हापूर दाखीव.”

प्रीती नकाशा लहान करत राहिली. अख्खी पृथ्वी पडद्यावर आली, तोवर दोन्ही नावं दिसेनाशी झाली होती.