भैरवीनंतरची ढोलकी

चिंतामणी मास्तरांच्या पत्नी कल्याणीबाई वारल्या, त्याच आठवड्यात शेजारच्या भावकूच्या गोठ्यातली ढोलकी बंद झाली, ती झालीच. ज्या ढोलकीच्या नावानं मास्तरांनी इतकी वर्षं बोटं मोडली, तिच्यासाठी ते आता रोज संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीकडं कान लावून बसत. माणसाची जात अशीच. असतं तेव्हा डोक्याला ताप, आणि नसलं की जीव कासावीस.

मास्तर टिळकवाडीतल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आणि कंग्राळी गावाच्या शिवेवर प्लॉट घेऊन त्यांनी छोटं घर बांधलं. शांतता हवी होती, गाणं ऐकायला. जन्मभर ख्यालगायकीचं वेड. मैफलींतून टेप करून आणलेल्या कॅसेटी लेकीनं, माधवीनं, पेनड्राइव्हवर भरून दिल्या होत्या. घरभरणी झाली, संध्याकाळी मास्तरांनी खुर्ची टाकून विलंबित ख्याल लावला, डोळे मिटले, आणि भिंतीपलीकडच्या स्पीकरवरून फक्कड लावणी उसळून आली. भावकूचा गोठा भिंतीला लागूनच. त्याच्या म्हशीला म्हणे ढोलकी ऐकल्याशिवाय पान्हा फुटत नसे.

दोघं भांडले, ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. मास्तर म्हणाले, "हे गाणं नव्हे, थयथयाट आहे." भावकू म्हणाला, "तुमचं तरी काय वो मास्तर, सकाळी चूळ भरल्यागत आऽ आऽ आऽ. पुढं काय म्हणतोय त्यो बाबा, त्ये कळायच्या आत म्हस आटंल की."

पण पुढं हळूहळू ते मिटलं. मास्तरांचं गाणं संपायचं आणि मगच भावकूची ढोलकी सुरू व्हायची. एकात एक कधी मिसळलं नाही. आपण चार शब्द सुनावले म्हणून गडी सुधारला, असं मास्तर स्वतःच्या मनाशी आणि आल्यागेल्यालाही सांगत. कल्याणीबाई ऐकून घेत आणि गालात हसत. त्या का हसतात, हे विचारायचं मास्तरांना कधी सुचलं नाही. गणितातल्या माणसाला उत्तर आलं की पुरे.

घरची मैफल रोज ठरल्यासारखी चाले आणि शेवट भैरवीनं होई. भैरवी झाली की पुढं काही गायचं नाही, ही जुनी रीत, आणि मास्तर रीतीचे पक्के. भैरवी लागली की कल्याणीबाई उठून भात टाकायच्या. सूर संपेपर्यंत कुकरची शिट्टी व्हायची आणि पलीकडं ढोलकीवर थाप पडायची. लावणीच्या ठेक्यावर वरणभात जेवावा लागतो म्हणून मास्तर कुरकुरायचे. तेवढं एक सुख होतं, ते असताना कळलं नाही.

आता संध्याकाळ व्हायची, मास्तर गाणं लावायचे, आणि भैरवीच्या आधीच बटण दाबून बंद करायचे. ठरवून नव्हे. बोट आपोआप जायचं. भैरवी लागली आणि आत कोणी उठलंच नाही तर काय करायचं? मग अंधार पडेपर्यंत ते तसेच बसून राहायचे. पलीकडं म्हैस पाय आपटायची, बादली वाजायची, पण गाणं नाही. भिंतीवर दुधाचा तांब्या मात्र न चुकता ठेवलेला असायचा, वर ताटली झाकलेली. ठेवणारा दिसायचा नाही.

मास्तरांनी मनाशी अर्थ लावला. आपल्याशी बोलणं होतं ते बायकोमुळं. ती गेली, आता या चिडक्या म्हाताऱ्याशी गड्याला भांडायचीही इच्छा उरली नाही. हा विचार त्यांना फार लागला. भांडायलासुद्धा कोणी नाही म्हणजे आपण आहोत की नाही, याचीच शंका यावी.

माधवी बेंगळूरहून रोज फोन करायची. "बाबा, घर विकू या. इथं या. तिथं तुमचं कोण आहे आता?" बरेच दिवस टाळल्यावर मास्तर एकदाचे हो म्हणाले. रविवारी घर बघायला गिऱ्हाईक येणार होतं. त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी गाणं नेहमीसारखं अर्ध्यात थांबवलं, धुतलेला तांब्या घेतला आणि भिंतीला वळसा घालून भावकूच्या गोठ्याकडं गेले. दूध बंद करा, एवढं सांगून यायचं होतं. दुसरं एक विचारायचं होतं, पण ते विचारायची त्यांना लाज वाटत होती.

भावकू धारेला बसला होता. त्याची बायको गुणाबाई वैरण टाकत होती. मास्तर दारातच थबकले, कारण गोठ्यात ढोलकी वाजत होती. भावकूच्या शर्टाच्या खिशात मोबाइल होता आणि त्यातून इतकी बारीक लावणी येत होती की म्हशीला ऐकायला मान वाकडी करावी लागत होती.

"या की मास्तर," भावकू उठू लागला.

"बसा, बसा. उद्यापासनं दूध नको, एवढंच सांगायला आलो. मी लेकीकडं जातोय."

"किती दिस?"

"कायमचाच."

भावकूचे हात थांबले. गुणाबाईनं वैरणीची पेंढी खाली ठेवली. मास्तरांनी न विचारायचं ते विचारून टाकलं. "ते गाणं हल्ली मोठ्यानं का लावत नाही, भावकूअण्णा? म्हणजे, मला त्याचं काही नाही. सहज विचारलं."

भावकूनं त्यांच्याकडं नवलानं पाहिलं. "तुमचं संपल्याबिगार कसं लावू?"

"माझं तर केव्हाच संपतं."

"न्हाय वो. मधीच थांबतंय. त्ये शेवटचं, संपताना तुमच्या कुकरची शिट्टी व्हायची बघा, त्ये वाजलंच न्हाय वैनी गेल्यापासनं." भावकूनं खिशातला मोबाइल बंद केला. "वैनींनीच सांगितलंतं आमच्या गुणाबाईला, भांडान झालतं तवा. म्हणाल्या, ह्यांचं शेवटचं त्ये हुईस्तवर जरा दम धरा, मग खुशाल लावा, ह्यांना कसं गप करायचं त्ये मी बघती. तवापासनं आमी धाराबी उशिरा काढतोय."

मास्तर तांब्या हातात धरून उभेच राहिले. म्हणजे त्या चार शब्दांनी काहीच झालं नव्हतं. कल्याणी त्यांच्या पाठीमागं भिंतीला वळसा घालून आली होती, दोन बायकांनी गोठ्यात बसून सगळं ठरवलं होतं आणि शेवटपर्यंत त्यांना पत्ता लागू दिला नव्हता. त्या हसण्याचं उत्तर आज मिळालं, आणि ते द्यायला ती नव्हती.

"आणि तुम्ही इतके महिने थांबून राहिलात?"

"पयल्यांदा वाटलं, मास्तर पानी प्यायला उठलं आसतील, लावतील परत. मग वाटलं, शेवट करू वाटत नसंल." भावकू म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "मला काय तुमचं गाणं आवडत न्हाय, खोटं कशाला बोलू. पर एकाची बैठक चालू हाय म्हटल्यावर आपुन मधी ढोलकी घालायची, ह्ये काय बरं दिसतंय?"

"म्हशीनं दूध कमी केलंय की वो," गुणाबाई हळूच म्हणाली. "बारक्या आवाजाला पान्हा सोडत न्हाय ती."

मास्तरांना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. जाणत्यांच्या मैफलीत त्यांनी जन्म घालवला होता. तिथंही लोक भैरवीच्या आधी चपला शोधायला उठायचे. त्यांची मैफल संपली नाही म्हणून इतकं थांबणारा एकच निघाला, तोही ख्यालाला चूळ म्हणणारा. "बघू," एवढंच म्हणून ते वळले. तांब्या द्यायचा राहिला.

घरी येऊन ते खुर्चीत बसले. पेनड्राइव्हवर भैरवी शोधायला वेळ लागला नाही, बटण दाबायला लागला. पहिला स्वर आला आणि त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. कोणी उठलं नाही. उठणार नव्हतंच. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. त्या रिकाम्या दाराकडं बघत त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मोकळेपणानं रडले. कल्याणी खरोखरच गेली होती. तिच्याबरोबरची मैफल आज संपली. मग तेच उठले आणि त्यांनी भात टाकला.

कुकरची शिट्टी झाली. पलीकडं थोडा वेळ सामसूम होती. बहुतेक भावकू खात्री करून घेत असावा. मग ढोलकीवर थाप पडली, आणि लावणी अशी उसळली की ओट्यावरची भांडी थरथरली. मास्तरांना ती आजही आवडली नाही. पण तिच्या आवाजात ते पोटभर जेवले.

तेवढ्यात माधवीचा फोन आला. "बाबा, हा काय गोंगाट आहे? शेजारच्यांनी परत सुरू केलं का? सांगत का नाही त्यांना?"

"काय सांगणार? माझं संपलं, आता त्यांची पाळी."

"बरं, उद्या ते घर बघायला येतायत, लक्षात आहे ना?"

भिंतीपलीकडं म्हैस हंबरली.

"त्यांना येऊ नका म्हणून सांग," ते म्हणाले. "मी गेलो तर इथं भैरवी कोण लावणार? तो बिचारा वाट बघत बसेल."

"कोण वाट बघत बसेल, बाबा?"

पण ढोलकी इतकी वाढली होती की त्यांना ते नीट ऐकू आलं नाही. फोन ठेवून त्यांनी आपलं एक ताट घासायला घेतलं आणि लावणी संपेपर्यंत घासत राहिले.