गोजरबाईचं वारं

साखऱ्याच्या देवीच्या आरतीत गोजरबाईनं डोळे मिटून हात जोडले आणि ती उभ्या जागी डोलू लागली. बायका घाबरून मागं सरल्या. भगत सोनाजी ओरडला, "वारं आलं! कुणी हात लावू नका!" गावाचा नेमच तसा होता. अंगात आलेल्या बाईला धरायचं नाही, तिला देवीच सावरते.

नवरा गेल्यापासून गोजरबाई हळदीकुंकवाच्या दिवशी परसदारी बसायची. आता त्याच बायका तिची ओटी भरू लागल्या, तिच्या कपाळावर मळवट भरू लागल्या.

तिची एकुलती लेक द्वारका वसमतला मुलींच्या शाळेत शिकवायची. सुट्टीत घरी आली, तर तिला वेगळंच दिसलं. आई चालताना पायांवरची नजर काढत नव्हती. तोंडावर पाणी मारताना भिंतीला पाठ लावत होती. एकदा वहाण मागं पडली, तरी तिला पत्ता नव्हता.

द्वारकानं तिला हैदराबादला नेलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा हलवला.

"वर की खाली?"

"अंगठा माझा अन् हलवता तुमी. तुमीच सांगा की."

डॉक्टर हसले. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. आई डोलली, अगदी आरतीत डोलायची तशी. डॉक्टरांनी चटकन तिचे दंड धरले.

"पायांकडून येणारी खबर, कानाच्या आत असणारी तोलाची जाण आणि नजर, हे सगळं जुळवून मेंदू माणसाला उभं करतो, चालवतो," ते द्वारकाला म्हणाले. "यांच्या पायांची खबर वर पोचतच नाही. सगळा भार डोळ्यांवर आहे. डोळे मिटले की पडतील."

"औषध?"

"नाही. पायही आणखी बिघडत जातील."

हिंगोली स्टेशनावरून बैलगाडीनं घरी येताना द्वारका म्हणाली, "आई, आरतीत डोळे उघडे ठेवत जा."

"देवीपुढं डोळे वटारून उभी राहू व्हय?"

"मग जाऊच नकोस. मी सोनाजीकाकांना सांगते, हे वारं नाही, दुखणं आहे."

"सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." गोजरबाई बराच वेळ आपल्या पायांकडं बघत राहिली. "तुझा बाप गेला तवापासून माझ्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं, पोरी. दुखणं म्हणलं की पुन्हा परसदारी. तुला तुझी पुस्तकं हायेत. मला काय हाय?"

तरीही द्वारकानं सांगितलं. सोनाजी हसला. "मास्तरीणबाई, तुमी शाळेत भूगोल शिकवा. देवी कुणाच्या अंगात येती, हे त्या डॉक्टराला काय ठावं?"

नवरात्रातल्या अष्टमीला गोजरबाईला देवळाच्या वरच्या पायरीवर उभं केलं. द्वारका तिच्या पाठीला लागून उभी राहिली. बायकांनी तिला ओढून मागं नेलं. "लेकीचा हात लागला तर देवी कोपंल, बाई!"

सोनाजीनं भंडारा उधळला. हळदीची मूठ गोजरबाईच्या तोंडावर आली. तिचे डोळे मिटले, झोंबून झोंबून उघडेनात. ती डोलू लागली. यावेळी तिचे हात जोडलेले नव्हते, ते काहीतरी धरायला शोधत होते. तिच्या दोन्ही बाजूंना बायका होत्या, हात जोडून. द्वारका कोपरं मारत पुढं घुसली. तोवर आईचं डोकं खालच्या पायरीवर आपटलं होतं.

देवीचं गाणं संपेपर्यंत कुणी तिला शिवलं नाही.

सकाळी मढ्याला शेवटची आंघोळ घालताना रुख्मिणीबाईनं ओल्या फडक्यानं तिच्या कपाळावरचा मळवट पुसायला घेतला. हिनंच गेल्या मंगळवारी तिची ओटी भरली होती.

"राहू द्या," द्वारका म्हणाली.

"असं कसं, बाई? देवी तर निघून गेली. आता ही रांडमुंडच की."

मळवट लवकर निघेना. रुख्मिणीबाई घासत राहिली. द्वारका खाली बसली आणि आईचे पाय धुवू लागली.