कोणाच्या नावाची हळद

जेलरोडच्या एका लॉनवर मी नवरीच्या केसांत पिना खोचत होते, आणि बाहेर डीजेवर माझं नाव वाजलं. नुसतं माझं असतं तर ठीक होतं. "किशोरना नावनी हळद वं, मीनाना आंगले." किशोरच्या नावाची हळद, मीनाच्या अंगाला. खालून ढोलाचा दणका, आणि वर 'मीना, मीना, मीना' असं तोडून तोडून. पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती. माझ्या हातातली पिन नवरीच्या टाळूला लागली आणि ती किंचाळली.

गाण्यातली मीना म्हणजे मी. सटाण्याला माझ्या हळदीत, घरोघरी हळदीची गाणी म्हणणाऱ्या झुंबरबाई गायल्या होत्या. आमच्याकडची रीत अशी, की गाणं तेच, नावं ज्या त्या घरची. त्या दिवशी नावं आमची होती. माझ्या मामेभावाने लग्नाच्या जुन्या व्हिडिओतला तेवढा तुकडा 'गोड आठवण' म्हणून नेटवर टाकला, आणि तिथून कोणीतरी उचलून त्याचा रीमिक्स केला. गोड आठवण! किशोरने मारून माझ्या डाव्या कानाचा पडदा फाडला, तेव्हा मी त्याचं घर सोडलं. नाशिक रोडला पार्लर काढलं, शेकडो नवऱ्या नटवल्या. आता लग्नसराईत रोज संध्याकाळी, कोणाच्या ना कोणाच्या हळदीत, त्याच माणसाच्या नावाची हळद भोंग्यावरून मला फासली जाणार? नाही म्हणजे नाही.

शोधायला वेळ लागला नाही. ही रीमिक्सवाली पोरं गाण्याच्या मधोमध स्वतःचं नाव घुसवतात, म्हणजे दुसऱ्याने ढापू नये. "धवल इन द मिक्स, नाशिक रोड!" दुसऱ्याचं नाव वापरताना विचारायचं नाही, स्वतःचं मात्र ठणकावून सांगायचं. डीजेवाला त्याला ओळखत होता. त्याने सोसायटीसकट पत्ता दिला.

मी पदर खोचून भांडायला गेले, तर समोर चष्म्यातलं एक नरम पोरगं. दिवसा कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करणारं. वर त्याच्या आईने पोह्यांची बशी हातात दिली. पोहे खात खात भांडणं फार अवघड असतं, पण मी ते केलं.

"काकू, मी कोणाकडून काहीच घेत नाही. फ्री डाउनलोड आहे," धवल म्हणाला. "जुनी गाणी मला आवडतात. ती मरू नयेत म्हणून करतो."

"म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! कोणाचं नाव वाटतोयस, विचारलंस का?"

"पण ते पारंपरिक आहे ना? मला वाटलं, मीना म्हणजे गाण्यातलीच कोणीतरी."

"गाण्यातली मीना तुझ्यासमोर पोहे खातेय."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याला अहिराणी येत नव्हती. प्रत्येक लग्नात नाव बदलायचं असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. कानाला गोड लागलं तेवढं त्याने धरलं आणि फिरवत बसला. मी सगळं सांगितलं, कानाचंही सांगितलं. त्याने तिथल्या तिथे गाणं काढून टाकलं. मग खाली बघत म्हणाला, "सॉरी, काकू. पण एवढ्याने काही होणार नाही. प्रत्येक डीजेच्या पेनड्राइव्हमध्ये ते गेलंय. आता परत कसं आणणार?"

"परत नको आणूस. दुसरं कर, याच्याहून भारी. झुंबरबाईंकडे जाऊ, नावांशिवाय गाऊन घेऊ. लोक जुनं आपणहून टाकतील."

"आणि नाही टाकलं तर?"

"तर तिसरं करू. मी थकणारी बाई दिसते का तुला?"

रविवारी आम्ही सटाण्याच्या एसटीत बसलो. धवलने मांडीवर माइकची पेटी बाळासारखी धरली होती.

झुंबरबाईंना आता दिसत नाही, आवाज मात्र खणखणीत. "तू कोनी पोर शे?" म्हणाल्या. मी वडिलांचं नाव सांगितलं, मग किशोरचं सगळं सांगितलं. धवलने माइक लावला आणि समजावून सांगायला लागला, "आजी, नावाची जागा तेवढी रिकामी ठेवा. तिथे मी म्युझिक भरतो."

झुंबरबाई हसल्या. "नावबिगर हळद व्हस का, भाऊ? कोनं आंगले लावू? भितले?"

नावाशिवाय हळद होत नाही, भिंतीला लावू का, असं ऐकल्यावर धवलने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "कुठलंही एक नाव घ्या."

"नको," मी म्हणाले. कुठलंही म्हणजे कोणातरी पोरीचंच. आज माझ्या मागे लागलंय, उद्या तिच्या मागे लागेल. मला राग आला, रडूही आलं. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं? आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मी माझं नाव कशाला पुसायला निघालेय? मीना हे नाव माझ्या आईने ठेवलंय. ते मी कोणासाठी सोडू?

"माझंच घ्या, मावशी. मीना."

"आनि नवरदेवनं?"

"तिथेही माझंच."

धवलने कानावरचा हेडफोन खाली घेतला. मला वाटलं, झुंबरबाई आता हाकलून देतील. हळदीचं गाणं म्हणजे त्यांचं देवाचं काम, त्यात असला चावटपणा कोण खपवून घेईल? त्या भिंत चाचपत उठल्या, आत गेल्या आणि वाटीत हळद कालवून घेऊन आल्या.

"हळद लावाबिगर मी हळदनं गानं म्हनत नही. बठ आठे."

मी त्यांच्यापुढे बसले. नवरा सोडलेल्या बाईला हळदीला कोणी हात लावू देत नाही. नवरी नटवून झाली की मी आपली मेकअपची पेटी घेऊन कोपऱ्यात उभी राहते. झुंबरबाईंनी बोटांनी माझे गाल शोधले, हळद लावली, मग हातांना, मग पावलांना. आणि आवाज लावला. "मीनाना नावनी हळद वं, मीनाना आंगले." मी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले.

"काकू, रडणं रेकॉर्ड झालंय. कापू का?" धवलने परतताना विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले.

नवं गाणंही त्याने फुकटच सोडलं. फारसं कोणी घेतलं नाही. जुनं दणक्यात चालूच राहिलं. मग मी नवं गाणं पेनड्राइव्हमध्ये घेतलं आणि जिथे नवरी नटवायला जाईन तिथल्या डीजेला द्यायला लागले. कोणी घेऊन ठेवलं, कोणी हसून परत दिलं. परवा देवळालीगावात एकाने हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. त्याच्या मागे हळद सुरू झालेली, माणसं जमलेली.

"काकू, यात नवरदेवाचं नावच नाही," तो म्हणाला. "ही मीना कोण म्हणून लोक विचारतील."

"विचारू देत," मी म्हणाले. "मी इथेच उभी आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि गाणं लावलं.