अर्धी राहिलेली दाढी

मित्रांनो, दगडावर पोलाद किती झिजू शकते हे पाहायचे असेल तर माझ्याकडे पाहा. एके काळी माझे पाते अंगठ्याएवढे रुंद होते. आता ते ज्वारीच्या पानाच्या टोकासारखे अरुंद झाले आहे. मी एक वस्तरा आहे. पुष्कळ वर्षे काम केले, पुष्कळ गाल पाहिले, आणि आता थकलो आहे. ज्यांनी मला शेवटपर्यंत वापरले ती माणसेही थकलेलीच होती. त्यांचीच गोष्ट तुम्हांला सांगतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथली आठवण म्हणाल तर आग, घण आणि पाण्याचा चर्र आवाज, एवढीच. सोलापूरला आलो तेव्हा नव्या पेठेतल्या एका दुकानात काचेच्या पेटीत पडून होतो. तिथून मला कोंडीबा न्हाव्याने घेतले. त्याने माझी मूळची मूठ काढून शिंगाची बसवली, कारण साबणाच्या हातातून ती निसटत नाही असे त्याचे म्हणणे होते.

कोंडीबा गिरणीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसत असे. एक गोणपाट, एक आरसा, पितळी वाटी आणि हत्यारे ठेवायची चामड्याची धोकटी, एवढेच त्याचे दुकान. पाळी सुटली की सूत चिकटलेल्या केसांची माणसे त्याच्यापुढे उकिडवी बसत. कोंडीबाचा हात इतका हलका होता की अर्धी माणसे गालावर मी फिरत असतानाच झोपी जात. मग तो त्यांना उठवत नसे. दुसऱ्या गिऱ्हाइकाला खुणेने थांबायला सांगे. "रातपाळी करून आलाय. निजू द्या घडीभर," म्हणे. सोमवारी धंदा बंद. त्या दिवशी तो मला धारेच्या दगडावर घेई. मला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती. ते माझे सुखाचे दिवस होते.

शहरात मार्शल लॉ येऊन गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात कोंडीबाच्या अंगावरून वारे गेले. सकाळी चूळ भरताना त्याच्या हातातला तांब्या सुटला, तोंड वाकडे झाले आणि उजवे अंग लुळे पडले. वैद्य झाले, लेप झाले, अक्कलकोटच्या स्वामींचा अंगारा झाला. जीव वाचला. हात मात्र परत आला नाही.

मी धोकटीत पडून राहिलो. अंधारात पोलादाला फारसे काही कळत नाही, पण घरातले आवाज ऐकू येत. घरात दोघेच होते. कोंडीबाची बायको सोजरबाई गिरणीत रिळाच्या खात्यात काम करी. भोंग्याआधी उठून ती नवऱ्याला पुसून, भरवून, कूस बदलून जाई, आणि संध्याकाळी आली की पुन्हा तेच. दिवसा शेजारची पार्वतम्मा तेवढी डोकावून पाणी पाजून जात असे. सोजरबाईचे माहेर अक्कलकोटकडचे. फार दमली की ती भिंतीला टेकून "साकु, साकु" म्हणे. साकु म्हणजे कानडीत पुरे. पण पुरे म्हणून ती कधी थांबली नाही.

काही दिवसांनी कोंडीबाने जेवण सोडले. सोजरबाई आंबील भरवी, ती त्याच्या वाकड्या ओठातून गळून वाढलेल्या दाढीत अडके, वाळे आणि घट्ट होई. तो डाव्या हाताने वाटी ढकलून भिंतीकडे तोंड करी. तिला आधी वाटले, चव नसेल. मग एकदा दाढीतल्या कण्या ओल्या फडक्याने काढताना तिने त्याचे डोळे पाहिले.

"अन्नाची शिसारी न्हाय तुमाला," ती म्हणाली. "दाढीची हाय. अण्णारावास्नी बोलवू का?"

अण्णाराव हे शहरातल्या न्हाव्यांमध्ये वडीलधारे. कुणाचे भांडण मिटवायचे असो की कुणाचे लग्न जमवायचे, त्यांचा शब्द शेवटचा. कोंडीबाला मानणारा माणूस. पण कोंडीबाने नकाराची मान हलवली. त्याचे बोलणे तेव्हा अर्धेमुर्धे फुटे. सोजरबाईला समजे, म्हणून मी ते पुरे करून सांगतो.

"ह्यो चेहरा घिऊन त्यांच्यापुढं बसू? न्हावी असून?"

"मग मी करते."

"बाईनं धोकटीला हात लावू न्हाय."

पण दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने हातपाय धुतले, धोकटी उघडली आणि मला बाहेर काढले. माझ्यावर तांबूस ठिपके पडले होते. तिने ते तेलाने पुसले. चामड्याचा पट्टा दाराच्या कडीला अडकवला आणि नवरा करी तसे मला त्यावर घासू लागली. मित्रांनो, तिने मला धार पुढे करून ओढले. चामड्यात मी रुतलो आणि पट्ट्याला चीर पडली.

कोंडीबा रागाने तोंड फिरवून पडला होता. पण तो आवाज त्याला सहन झाला नाही.

"पाठ फुडं," तो भिंतीकडेच तोंड करून म्हणाला. "धार मागं. आन् उलटताना पाठीवर उलट, धारंवर नगं."

तिने तसे केले. पुन्हा केले. हळूहळू त्याने मान वळवली आणि पाहू लागला.

तिथून तिचे शिकणे सुरू झाले. गिरणीतून आल्यावर, चूल पेटवण्याआधी, थोडा वेळ. गालाला हात लावू द्यायला कोंडीबा तयार नव्हता. त्याने बाजारातून कोवळा दुधी आणायला सांगितला. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते ना, ती साबण लावून काढायची आणि सालीला ओरखडा पडू द्यायचा नाही. पहिले दुधी इतके चिरले गेले की रोज त्याचीच भाजी. पार्वतम्माने विचारलेही, "काय हो, दुसरी भाजी मिळत नाही का पेठेत?"

"जोर करू नगंस," कोंडीबा सांगे. "वजन वस्तऱ्याचं असतंय. तू निस्ती वाट दाव. आन् पातं उभं धरू नगंस, निजवून धर."

एके संध्याकाळी दुधी अखंड, गुळगुळीत आणि ओला चकचकीत तिच्या मांडीवर होता. कोंडीबाने डाव्या हाताची बोटे त्यावरून फिरवली. मग त्याने आपली हनुवटी वर केली.

तिने गरम पाण्याचे फडके त्याच्या दाढीवर बराच वेळ धरले. साबण लावला. डावा गाल तिने भीत भीत केला. जिथे ओढ बसे तिथे तो "हं" करी आणि ती हात हलका करी. तो गाल चांगला झाला. मग ती उजव्या बाजूला आली. तिथे त्याने एकदाही "हं" केले नाही. तिला वाटले, हात बसला. मी जबड्याच्या कडेवरून वळलो आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ उतरली.

तिचा हात थांबला.

"का थांबलीस?" कोंडीबा म्हणाला.

"रगात आलंय."

"कुटं?"

त्याला कळलेच नव्हते. तो गाल मेला होता, आणि ते त्या दोघांना त्या क्षणी समजले. सोजरबाईच्या हातातून मी सुटलो आणि शहाबादी फरशीवर पडलो. कोंडीबाचा उजवा डोळा तर आजारापासून नेहमीच पाणावलेला असे. आता डावाही भरून आला.

"तुरटी लाव," तो म्हणाला. "लई खोल नसंल."

तिने तुरटी लावली, फडके दाबून धरले, आणि मला उचलून धोकटीत टाकून दिले. "मी न्हाय आता हात लावणार," ती म्हणाली. "कुटं दुखतंय ते तुमाला कळंना. गळ्यावर असं झालं असतं तर?"

कोंडीबाने डावा हात आपल्या मेलेल्या गालावरून फिरवला. मग म्हणाला, "मला कळत न्हाय, मग तू बघ. डाव्या हाताचं बोट पात्याच्या फुडं ठेव. तुज्या बोटाला कळंल की."

तिला ते पटले असे नाही. पण नवऱ्याचा एक गाल स्वच्छ आणि एका गालावर केस, असे तिलाही बघवेना. दुसऱ्या दिवशी तिने मला बाहेर काढले, तेव्हा माझ्या धारेला खाच पडलेली दिसली. फरशीवर पडल्याची ती खूण. आता पट्टा पुरेसा नव्हता. दगड हवा होता.

दगडावरचे काम सर्वांत अवघड. तिथे पट्ट्याच्या उलट जायचे असते, धार पुढे करून. पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली हवीत. पाणी सुकू द्यायचे नाही. कोंडीबाने आपला डावा हात तिच्या मनगटावर ठेवला. त्या हाताला हे काम कधी सवयीचे नव्हते, तिचाही हात दिवसभर रिळे फिरवून जड झालेला. दोन थकलेले हात मिळून मला दगडावरून नेत होते. माझे पोलाद राखाडी चिखल होऊन पाण्यात उतरत होते. खाच एका बैठकीत जाणारी नव्हती. कितीतरी संध्याकाळी गेल्या. शेवटी शेवटी तो म्हणे, "आता हळू. आता निस्ता पाण्यावरनं ने." मग तिने आपल्या हातावरचे केस माझ्याने उडवून पाहिले. ते आवाज न करता खाली पडले. मला इतकी स्वच्छ धार कोंडीबाच्या चांगल्या दिवसांतही फार थोड्या वेळा लागली असेल.

त्यानंतर उजव्या गालाला ती डाव्या हाताच्या बोटाने आधी कातडी ताणे, पुढची वाट चाचपून बघे, मग मला आणी. पुन्हा रक्त निघाले नाही. कोंडीबा जेवू लागला. उशीला टेकून, दार उघडे ठेवून बसू लागला.

पण उघड्या दारातून लोकांनाही दिसते. कोंडीबाची बायको वस्तरा चालवते, ही गोष्ट फाटकाबाहेरच्या लिंबापर्यंत गेली. काहींनी हसण्यावारी नेली, काहींना राग आला. आज नवऱ्याची करते, उद्या दुकान मांडेल, असे ते म्हणू लागले. शेवटी तिला थांबवा म्हणून त्यांनी अण्णारावांना गाठले.

अण्णाराव आले ती संध्याकाळची वेळ होती. त्या आठवड्यात गिरणीत माणसे कमी होती आणि सोजरबाईला जादा काम पडत होते. डावा गाल झाला होता. उजव्या गालाला फेस लावून ती माझे पाते त्याच्या कानाखाली टेकवत होती, आणि तशीच, बसल्या जागी, तिला झोप लागली. मान खांबाला टेकली. हात मात्र तिथेच राहिला. मी उघडा, नुकता पट्ट्यावरून आलेला, कोंडीबाच्या गळ्यापाशी.

तिला हाक मारली असती तर ती दचकली असती. कोंडीबाने हाक मारली नाही. श्वास रोखून त्याने डावा हात वर आणला, तिच्या बोटांतून मला अलगद काढून घेतले आणि मांडीवर दाबून मिटवले. मग तिचा हात खाली ठेवला. तिला जाग आली नाही.

तो तसाच बसून राहिला. गालावरचा फेस वाळून कडक झाला. तेव्हा दारात अण्णाराव उभे होते.

"कोंडीबा," त्यांनी सुरुवात केली.

कोंडीबाने ओठावर बोट ठेवले.

अण्णारावांनी खांबाला टेकलेली बाई पाहिली. तिच्या केसांत सूत होते, नखांत माझ्या दगडाचा राखाडी गाळ. त्यांनी वहाणा काढल्या आणि आत येऊन बसले. कोंडीबाने या वेळी भिंतीकडे तोंड फिरवले नाही. त्याने आपणहून मला पुढे केले.

"तुमी करा," तो कुजबुजला. "तिला उठवू नगा."

अण्णारावांनी मला उघडले, अंगठ्याने धार चाचपली. "कुनी लावली?"

"तिनं."

अण्णारावांनी साबण पुन्हा ओला केला आणि उरलेला गाल केला. बाहेर पार्वतम्माच्या घरातला माग खटखटत होता. काम झाल्यावर त्यांनी मला पुसले, कोरडे केले. जाताना हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी माजं दुकान बंद असतंय. मी येत जाईन. त्या दिशी तिला निजू दे." जे सांगायला आले होते ते त्यांनी तिथेही सांगितले नाही आणि बाहेर कुणाला सांगूही दिले नाही.

सोजरबाई जागी झाली तेव्हा दिवा लावायची वेळ टळून गेली होती. तिने घाबरून नवऱ्याच्या गळ्याला हात लावला, मग गालाला.

"ह्यो कुनी केला?"

"तूच केलास की. झोपंत."

"कायतरी बोलू नका. माजा हात असा न्हाय चालत." मग तिला दारातल्या धुळीत वहाणांचे ठसे दिसले, अण्णाराव येऊन गेल्याचे तिने ओळखले, आणि आजारपण घरात आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. चूल पेटवताना तिला रडूही आले.

कोंडीबाने आणखी काही हिवाळे काढले. सोमवारी अण्णाराव येत, एरवी सोजरबाई. तो गेला त्या दिवशी त्याचा चेहरा स्वच्छ होता, हे तिला समाधान. आता मी तिच्या ट्रंकेत फडक्यात असतो. अधूनमधून ती मला उघडते, तेल लावते, ठेवते. माझ्यात आता आणखी एकदा दगडावर जाण्याइतकेही पोलाद उरलेले नाही.

मित्रांनो, वस्तरा, कात्री, सुरी, तुमच्या घरात जे काही धारेचे असेल ते काम झाल्यावर ओले ठेवू नका, पुसून ठेवा. आम्ही त्याहून जास्त मागत नाही. पण आणखी एक सांगतो. घरात कुणी अंथरुणाला खिळले की येणारा प्रत्येक जण त्याला विचारतो, "जेवलास का?" त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला "झोपलीस का?" असे कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा. आणि उत्तराची वाट न बघता तिच्या हातातले काम घडीभर आपल्या हातात घ्या.