शरयूची बोथट कात्री

शरयू गेली हे कळलं तेव्हा मी तिच्या पर्समध्ये होते आणि पर्स गिरीशच्या मांडीवर होती. हॉस्पिटलच्या लहानशा खोलीत एक तरुण डॉक्टर आली आणि खुर्ची ओढून समोर बसली. अशी बातमी उभ्याने सांगत नाहीत. शरयूही डॉक्टर होती, तीही बसूनच सांगायची. म्हणून डॉक्टर बसली तेव्हाच मला कळलं. गिरीशला तिचं वाक्य संपल्यावर कळलं.

मग नर्सने शरयूचे कपडे कागदी पिशवीतून आणून दिले. निळा कुर्ता छातीवरून उभा कापला होता, थेट भरतकामावरून. कात्री नवी होती आणि हात घाईत होता. शरयूने शिवण सोडून कधीच कापलं नसतं.

त्यांची मुलगी आसावरी धावत आली. ती इथेच, शिकागोत जन्मलेली, वकील आहे. ती बापाशेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, पडल्यावर आई काय म्हणाली? शी मस्ट हॅव सेड समथिंग. आई नेहमी काहीतरी म्हणते."

"काही नाही," गिरीश म्हणाला.

ते खोटं होतं. मी ऐकलं होतं.

मित्रांनो, मी दवाखान्यात पट्ट्या कापायची कात्री आहे. अंगभर पोलाद, कमरेत वाकलेली, वयाने तुमच्या आजीएवढी. माझा जन्म इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावचा. मला भट्टीत लाल केलं, घणाखाली ठोकलं, दगडावर घासलं. दोन्ही पात्यांना धार आली तेव्हा एका कारागिराने माझं खालचं टोक घासून घासून चपटं केलं, बटणासारखं. मला तेव्हा राग आला होता. धार द्यायची आणि टोक काढून घ्यायचं, हा कसला न्याय? पुढे कळलं. कातडी आणि कापड यांच्यामधून जायचं आणि कातडीला कळू द्यायचं नाही, हे माझं काम होतं.

लीड्सच्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर पिकरिंग यांच्या खिशात राहिले. शनिवारी फुटबॉलचा सामना संपला की माणसं येत. कुणाच्या डोक्यात बाटली फुटलेली, कुणाचा कान लोंबणारा, कुणी स्वतःचे दात मुठीत घेऊन आलेला. सिस्टर नुसतं "ब्लाइमी" म्हणत आणि कामाला लागत. ज्याचा कान लोंबत असे त्यालाही जरा बरं वाटे.

सांगलीहून नुकतीच आलेली डॉक्टर शरयू तिथे शिकत होती. तिने एकदा चहा पिताना विचारलं, "सिस्टर, या शब्दांचा अर्थ काय हो?"

सिस्टरनी बिस्कीट बुडवलं आणि सांगितलं. ब्लाइमी म्हणजे देवा, माझे डोळे फोड. झाउंड्स म्हणजे देवाच्या अंगावरच्या जखमा. गॅडझूक्स म्हणजे, काही लोक सांगतात, त्याच्या तळहातात ठोकलेले खिळे. क्रायकी हे ख्रिस्ताचंच नाव, फक्त शेपूट बदललेलं. आणि गॉर्डन बेनेट? तो कुणी श्रीमंत माणूस होता म्हणे. तोंडातून देवाचं नाव अर्धं निसटलं की घाईने त्याच्या नावावर वळायचं.

"पूर्वी लोक या शपथा खरोखरच्या घालत," सिस्टर म्हणाल्या. "मग कुणाला देवाची भीती वाटली, कुणाला आईची. त्यांनी टोक घासून टाकलं." त्यांनी मला खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "हिच्यासारखं."

शरयू हसायला लागली. "आमची आत्या 'तुझा मुडदा बशिवला' म्हणते आणि लाडवांची बशी पुढे करते."

"मग तुला मी काय शिकवणार," सिस्टर म्हणाल्या.

शरयू अमेरिकेला निघाली तेव्हा सिस्टरनी मला तिच्या हातात दिलं. शब्द तिने आधीच उचलले होते.

शिकागोत बाटल्या नव्हत्या, गोळ्या होत्या. माणसाला स्ट्रेचरवरून आणत तेव्हा त्याचे कपडे इतके भिजलेले असत की माझी पाती घसरत. मी पँटच्या पायातून शिरायची आणि कमरेपर्यंत जायची. मांडीत भोक, पोटात भोक, कधी गालात. एका माणसाला त्याच्या भावाने पहारीने मारलं होतं. त्याचा शर्ट काढताना बरगडी कापडाबरोबर वर येत होती. मी हे सगळं पाहिलंय. शरयू घाईतही शिवण शोधायची आणि शिवणीवरून कापायची. गोळीचं भोक ती टाळायची, कारण पोलिसांना ते लागतं. पण शिवण ती त्या माणसासाठी शोधायची. "घरी नेऊन कुणाला जोडायचं असेल तर जोडता यावं," असं म्हणायची. कुणी जोडलं असेल असं मला वाटत नाही.

एकदा एक माणूस खांद्यात सुरी तशीच घेऊन चालत आला. शरयूने वाकून पाहिलं. "ग्रेट स्कॉट," ती म्हणाली, "ही कुणीतरी विसरून गेलेलं दिसतंय." तो माणूस रडत होता, तो हसला आणि हसताना दुखलं म्हणून तिच्यावर ओरडला. तो वाचला.

तिथल्या नर्सना लवकरच एक गोष्ट कळली. डॉक्टर जुनं इंग्रजी बोलत असेल तोवर माणूस जगणार. डॉक्टर गप्प झाली की त्या मृत्यूची वेळ लिहायला घड्याळाकडे बघत. नव्या नर्सला जुनी नर्स आधी हेच शिकवायची.

घरी गिरीश होता. तो पुलांचा इंजिनिअर, मनाने बरा, पण जीभ धार लावलेली. सिग्नलला, बँकेत, टीव्हीसमोर, त्याच्या तोंडून सरळ आयाबहिणी निघत. बायकोचे शब्द ऐकून तो चिडवायचा, "इंग्रज देश सोडून गेले आणि जाताना सामान तुझ्या तोंडात विसरले."

"तुझ्या तोंडातलं सामान कुणी फुकट तरी नेईल का, ते बघ," शरयू म्हणायची. असं म्हणत ती त्याचे जुने शर्ट फडक्यांसाठी कापत बसे, शिवणीवरून.

एकदा त्याने विचारलं, "कोण जगणार हे तुला आधीच कसं कळतं गं?"

"कळत नाही रे. माणूस वाचेल असं वाटलं तरच मला गंमत सुचते."

गिरीशने हे मनात ठेवलं. पन्नास वर्षं ठेवलं.

मग प्लास्टिकच्या मुठींच्या कात्र्या आल्या, एकदा वापरून फेकायच्या. शरयू निवृत्त झाली आणि मी तिच्या पर्समध्ये आले. मी कोथिंबिरीच्या जुड्यांची रबरं कापली, चिवड्याची पाकिटं कापली. माझ्या स्क्रूमध्ये तिखट जाऊन बसलं. शरयू जुन्या टूथब्रशने ते काढायची आणि तेलाचा थेंब सोडायची. त्याहून मला काही नको होतं.

त्या शनिवारी दोघं डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानांच्या रस्त्यावर गेली होती. तिथे गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नशीब. गिरीश एका जागेसाठी दिवा लुकलुकवत थांबला होता, तेवढ्यात मागून एक गाडी आली आणि आत घुसली. गिरीश उतरला. त्याने त्या गाडीच्या बॉनेटवर मूठ मारली आणि आतल्या मुलाला आईवरून शिवी दिली. तो मुलगा म्हणजे कुश, तिशीतला, मराठी आईबापांचा, शॉमबर्ग या उपनगरात राहणारा. त्याला मराठी बोलता येत नव्हतं, पण ती शिवी कळत होती.

त्याने बाहेर येऊन गिरीशची कॉलर धरली. गिरीशने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. कुशचा ओठ फुटला. शरयू मध्ये शिरली आणि कुशने हात झटकला. कोपर तिच्या कानशिलावर बसलं. ती मागे पडली आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. तो आवाज मी पर्समधून ऐकला. नारळाचा असतो तसा.

बघणारे गोळा झाले. मग शरयू उठून बसली. "क्रायकी," ती म्हणाली, "काय कोपर आहे या मुलाचं." आणि हसली.

बघणारे हसले. कुश रडवेला होऊन सॉरी सॉरी म्हणत राहिला आणि जागा सोडून निघून गेला. गिरीशने सुटकेचा श्वास टाकला. हॉस्पिटल म्हणाला सुद्धा नाही. ती क्रायकी म्हणाली होती ना. ती स्वतः त्यातली डॉक्टर होती, पण मार तिच्याच डोक्याला बसला होता. त्या डोक्याने आपलंच निदान कसं करावं? त्यांनी चक्का घेतला, भाजी घेतली. घरी जाताना गाडीत ती गप्प झाली. गिरीशला वाटलं, झोपली.

त्यानंतरच्या दिवसांत गिरीशने शरयूचे लीड्सहून आणलेले कप गॅरेजच्या भिंतीवर एकेक करून फोडले. मग बशा. मग त्याच भिंतीवर स्वतःची मूठ मारली आणि बोटाचं हाड मोडलं. आसावरी बँडेज बांधताना म्हणाली, "बाबा, स्टॉप. प्लीज. आता मला दोघं नाही गमवायचे." कुशवर खटला उभा राहिला होता आणि निकाल लागेपर्यंत तो जामिनावर आईकडे घरी होता. एका दुपारी गिरीशने मला पर्समधून काढलं आणि कोटाच्या खिशात घातलं.

घरात सुऱ्या होत्या. त्याने मलाच का घेतलं? मी तिची होते म्हणून असेल. पण इतकी वर्षं एका घरात राहून त्याने माझं टोक एकदाही पाहिलं नव्हतं.

शॉमबर्गचं ते घर जुनं होतं, बाहेरचं दार जुन्या काचेचं. कुशने ते उघडलं. "अंकल?"

गिरीशने मला मुठीत उलटं धरून त्याच्या छातीवर मारलं. माझं बटण हाडावर आदळलं आणि घसरलं. कापडसुद्धा फाटलं नाही. त्याने पुन्हा मारलं, गळ्याशी. पुन्हा, गालावर. मी आत जात नव्हते. जावं म्हणून मला घडवलंच नव्हतं. तो ओरडत होता, शिव्या देत होता, आणि मी एका माणसाच्या अंगावर बोथट आपटत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

कुश मागे सरकला आणि त्याने काचेचं दार ओढून घेतलं. गिरीशने सगळं अंग दारावर टाकलं. कुशचा हात काचेवर टेकलेला होता. काच फुटली आणि हात कोपरापर्यंत आरपार बाहेर आला. त्याने तो मागे खेचला, तेव्हा काचेने मनगटापासून वरपर्यंत चिरला. रक्त ठोक्याठोक्याने भिंतीवर उडायला लागलं. तो दाराशीच खाली बसला. गिरीश फुटक्या दारातून आत शिरला आणि त्याने मला पुन्हा वर उचललं.

कुशची आई दीपा कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिने मुलाला पाहिलं, मग गिरीशला. कोर्टात पाहिलेला चेहरा होता तो.

"काका," ती हळू म्हणाली, "त्याला नका मारू. तो रोज रडतो हो."

कुशने मान वर केली. "अंकल, आय कान्ट फील माय फिंगर्स." मग तो बोलेनासा झाला.

ते गप्प होणं गिरीशला ओळखीचं होतं. गाडीत, त्याच्या शेजारच्या सीटवर ते एकदा येऊन गेलं होतं आणि त्याला कळलं नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला. "फोन लाव, दीपा," तो म्हणाला. त्याने कुशची बाही पकडली आणि मला मनगटाशी आत घातलं. त्याने शिवण शोधली. मी गेले, कातडी आणि कापड यांच्यामधून, बगलेपर्यंत, आणि कातडीला कळू दिलं नाही. गिरीशने गळ्यातला मफलर जखमेच्या वर आवळला, माझ्या मुठी त्यात अडकवून पिळला आणि जखमेवर दोन्ही हातांनी सगळं वजन टाकलं. कुश पांढरा पडत चालला होता.

गिरीशने घसा साफ केला. पन्नास वर्षं ज्या शब्दांना तो हसला होता, त्यातला एक त्याने उचलला. "क्रायकी," तो म्हणाला.

कुशचे डोळे उघडले. "व्हॉट?"

"क्रायकी म्हणालो. म्हणजे तू मरत नाहीयेस. ऐकतोयस ना? केवढा पसारा केलायस रे, ब्लाइमी. बोल माझ्याशी. गॉर्डन बेनेट कोण ते माहीत आहे का?"

"नो."

"मलाही नाही. बोलत राहा."

ॲम्ब्युलन्स आली तेव्हाही तो बोलतच होता. आठवतील तेवढे सगळे शब्द त्याने म्हटले आणि मग आठवलेलेच पुन्हा म्हटले.

कुश वाचला. त्याची दोन बोटं अजून बधिर आहेत. गिरीशने पोलिसांना त्या दुपारचं सगळं खरं सांगितलं आणि आता खटला त्याच्यावरही आहे. मला पोलिसांनी कागदी पिशवीत घालून फळीवर ठेवलं आहे. माझ्या स्क्रूमध्ये रक्त वाळलं आहे आणि तिथून गंज चढतो आहे.

मित्रांनो, कात्री वापरून झाली की पुसून ठेवा आणि तेलाचा एक थेंब द्या. कुणाला काही बोलायच्या आधी शब्दाचं टोक बोटाने चाचपून बघा. आणि डोक्याला मार लागलेलं माणूस हसलं, गंमत करायला लागलं, तरी त्याला दवाखान्यात न्या.

शरयूचा कुर्ता घरी तसाच पिशवीत आहे. पडल्यावर आई काय म्हणाली, हे आसावरीने त्या दिवसानंतर दोनदा विचारलं. गिरीशने तिला अजून सांगितलेलं नाही.