नुमेरूची सुटका

सेइगोची होडी सापडली, सेइगो सापडला नाही. माकुळाच्या मासेमारीच्या हंगामात समुद्र असा एखादा घास घेतोच, हे त्या किनाऱ्यावरच्या बायांना काय नवं? पण पोटचा गेला म्हणजे सगळं शहाणपण दाराबाहेर राहतं.

अग्नी द्यायला काही हाती नव्हतं. म्हणून तोकिएने देव्हाऱ्यापुढे, भाताच्या वाटीशेजारी, लेकाचं गेम खेळायचं यंत्र ठेवलं. त्यात त्याने पाळलेली नुमेरू राहायची. बिनशंखाची समुद्री गोगलगाय, पाठीवर फुलासारखे कल्ले, डोक्यावर दोन मऊ शिंगं. तिच्या सोबतीने खेळातलं सेइगोचं चित्र पाण्यात उतरायचं. सेइगोने तिचं नाव ठेवलं होतं ‘आई’.

“मेल्या, मी काय अशी लिबलिबीत आहे?” तोकिए तेव्हा चिडली होती.

“लिबलिबीत नाही गं. जरा हात लावला की फुगतेस, म्हणून!”

आता रोज ती बटण दाबी, आणि पडद्यावरची ‘आई’ शिंगं हलवी. तेवढंच लेकाच्या हातचं जितंजागतं उरलं होतं.

सातव्या आठवड्याच्या विधीला मठात आचार्यांनी प्रवचन गायलं. त्यांचा गळा असा, की पदाचा शेवट ओढला तर खांबालाही हुंदका फुटावा. “कोंडलेला जीव सोडा गं बायांनो, गेलेल्याची वाट उजळेल!” बायांनी बादल्यांतले मासे खाडीत सोडले. तोकिएकडे कोंडलेला जीव एकच होता.

घरी येऊन तिने यंत्रात शोधून शोधून तो पर्याय काढला: ‘सोडून द्या’. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आई निघाली. सुखी राहा, आई!’ जणू लेकच बोलला. ती पोटभर रडली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सेइगोचा होडीतला जोडीदार, त्या दिवशी घरी राहिलेला इसाओ आला. त्याने यंत्र हातात घेतलं.

“काकू, आई कुठाय?”

“सोडली रे समुद्रात, सेइगोच्या नावाने. बघ बरं, कुठल्या खडकाशी रमलीय? मला मेलीला सापडेना.”

खोटं इसाओच्या ओठांवर आलं होतं, पण त्याला ते कधी जमलंच नव्हतं.

“काकू, तिथला समुद्र खरा नसतो. सोडलं की पुसलं जातं.”

“पुसलं म्हणजे? कुणाला तरी सापडेल ना?”

“कुणालाच नाही.”

तोकिएने पदर शोधावा तशी किमोनोची बाही चाचपली. पडद्यावर सेइगोचं ते बोटभर चित्र वाळूत एकटं उभं होतं. काहीतरी करायचं म्हणून इसाओने त्याला लाटांकडे ढकललं. अक्षरं आली: ‘सोबती नाही. पाण्यात उतरता येणार नाही.’

“कधीच नाही?” तोकिएने विचारलं.

“आता कधीच नाही, काकू.”

तिने त्याच्या हातून यंत्र काढून घेतलं आणि पोटाशी धरलं.

“मग राहू दे त्याला तिथंच,” ती म्हणाली. “हा तरी पाण्यात जाणार नाही.”