माझ्या अंगावरचं लेबल

मी बाटली बोलतेय. व्हिटॅमिनची, असं माझ्या अंगावर लिहिलंय. लिहिणाऱ्याची चूक नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या पोटात खरंच व्हिटॅमिनच्या गोळ्या होत्या. त्या संपल्यावर मला धुऊन कपाटात ठेवलं. रिकामी बाटली कुणालाच टाकवत नाही, अशा घरात मी आले होते.

मग आईला डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. आई पडद्यांच्या दुकानासाठी शिवणकाम करते. तिला सकाळी उठवेना, मशीनवर बसली तरी कापड पुढे सरकेना. बाबांनी सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून माझ्यात ओतल्या. "आल्यागेल्याला कशाला दाखवायचं?" म्हणाले. स्वतःच्या पित्ताच्या गोळ्या मात्र ते जेवणाच्या टेबलावर, मिठाशेजारी ठेवतात. पित्ताने अब्रू जात नाही.

लगेच आत्या राहायला आली.

"वहिनी, व्हिटॅमिन रोज घेऊ नये. अंगात साठतं."

लेबल तर समोरच होतं. आईने गोळी परत माझ्यात टाकली. दुसऱ्या दिवशी आत्यानेच हात पुढे केला. "मलाही दे दोन. गुडघे दुखतायत." आई नाही म्हणाली, तर आत्या फुगून बसली. व्हिटॅमिनसुद्धा देववत नाही, असं तिने फोनवर तीन घरी सांगितलं.

मग आईने मला पिठाच्या डब्यामागे लपवलं. गोळी कधी घेतली जायची, कधी राहायची. शेवटी घराने निकाल दिला: या औषधाचा उपयोग होत नाही. साक्षीला मला कुणी बोलावलं नाही.

यंदा दुकानाच्या मालकीणबाईंचा निरोप आला, "महिनाभर थांबते, मग दुसरी बाई बघावी लागेल." आई बाबांना घेऊन नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. मलाही पर्समध्ये घेतलं. बाईंनी नेमकं तेच औषध लिहिलं.

"हे घेऊन झालंय. गुण आला नाही," आई म्हणाली.

"कसं घेत होतात?"

आईने मला टेबलावर ठेवलं. बाईंनी लेबल वाचलं, झाकण उघडलं. मी अर्ध्याहून जास्त भरलेली होते. बाबा पंख्याकडे बघू लागले.

"याला मैदानात उतरवलंच नाहीत, आणि हरलं म्हणता," बाई म्हणाल्या. "रोज घ्या, काही आठवडे. नाही लागू पडलं तर बदलू, पण निदान खरं कळेल. या जुन्या गोळ्या मात्र इथेच राहू द्या."

अशी मी पुन्हा रिकामी झाले. नवं पाकीट आता मिठाशेजारी, बाबांच्या पित्ताला टेकून असतं. परवा आत्या आली.

"या कसल्या गं?"

"व्हिट..." बाबांनी सुरुवात केली.

"डिप्रेशनच्या," आई म्हणाली. "रोज घ्यायच्या आहेत, ताई."

आत्याने चहा ढवळला. "मग गार पाण्याबरोबर घेऊ नकोस," ती म्हणाली. सल्ला दिल्याशिवाय तिला चहा गोड लागत नाही.

गुण येईल की नाही, अजून कुणालाच माहीत नाही. काल आई मशीनवर बसली. अर्धा पडदा शिवून थांबली, टाचण्या माझ्यात टाकल्या आणि नखाने माझं लेबल खरवडत बसली.

तुमच्याही कपाटात माझी एखादी बहीण असेल. तिच्यात हवं ते भरा, पण आत असेल तेच बाहेर लिहा.

माझं अर्धं लेबल अजून चिकटलेलं आहे. उरलेलं आई उद्या काढेल, असं मी धरून चालले आहे. पडदाही अजून अर्धाच आहे.